सिग्नल हिरवा झाल्यानंतर

[नळ स्टॉप, सकाळी सव्वानऊ. सिग्नलवरचा आकडा : ८७]

सत्त्याऐंशी सेकंद. पुण्यात एवढ्या वेळात काय काय होतं, बघा. स्कार्फ गुंडाळलेली मुलगी हातमोजा दातांत धरून ओढते आणि फोन काढते. तिच्या शेजारचा एका पायावर गाडी तोलत साहेबांना लिहितो, 'दोन मिनिटांत पोचतो.' त्याला जायचंय हिंजवडीला. रिक्षावाले काका रील बघताहेत. आवाज इतका मोठा की आम्ही सगळेच बघतोय म्हणायला हरकत नाही.

तीन, दोन... एक होण्याआधीच मागून हॉर्न. फोन खिशात, पर्समध्ये, मांडीखाली. गाड्या सुटल्या.

यात चुकलं काय? गाडी उभी असतानाच तर बघितला ना फोन? मीही हेच म्हणायचो.

[कर्वे रस्ता. चालत्या स्कूटरवरून, मेट्रोच्या खांबांशेजारून]

२०१५ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोलून हुकूम देता येणाऱ्या यंत्रणा तपासल्या. गाडीतल्याही आणि फोनमधल्याही. हुकूम देऊन झाला, डोळे रस्त्यावर, हात स्टिअरिंगवर, तरी लक्ष पुरतं जागेवर यायला वेळ लागत होता. काही यंत्रणांच्या बाबतीत तर २७ सेकंदांपर्यंत.

आता आपला हिशेब. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. २७ सेकंदांत ३०० मीटर. कर्वे रस्त्यावरच्या ३०० मीटरमध्ये बसथांबा येतो, गल्ल्यांची तोंडं येतात, पार्किंगमधून रिव्हर्स येणारी मोटार येते आणि उलट्या बाजूने शांतपणे येणारा एखादा महाभागही येतो. यातलं सगळं डोळ्यांना दिसत असतं. मन मात्र अजून साहेबांच्या उत्तराची वाट बघत मागच्या चौकात उभं असतं.

चालत्या गाडीवर खाली बघणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. दोन सेकंद मान खाली म्हणजे २२ मीटर. क्रिकेटची खेळपट्टीही तेवढी लांब नसते.

[म्हात्रे पूल, संध्याकाळ]

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. दोन वर्षांपूर्वी मी या पुलावरून येत होतो. हेल्मेट होतं, वेग बेताचा, दोन्ही हात हँडलवर. कानात इअरबड आणि त्यावर एका हिशेबावरून घातलेला वाद. समोरून एक गृहस्थ रस्ता ओलांडत होते. मला ते दिसले. पांढरा शर्ट, हातात पिशवी, आजही आठवतं. पण हा माणूस आहे आणि आपल्याला थांबायचंय, हे डोक्यात उशिरा शिरलं. ब्रेक लागला तेव्हा आरसा त्यांच्या पिशवीला घासला होता. पिशवी फाटली, टोमॅटो रस्ताभर. मला वाटलं आता कानाखाली बसणार. ते काहीच बोलले नाहीत. वाकून एकेक टोमॅटो उचलत राहिले. आणि माझ्या कानात तो माणूस अजून बोलतच होता, 'हॅलो, ऐकताय ना?'

म्हणून 'हँड्सफ्री आहे, चालतं' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याला अपघाताचा धोका चौपट असतो, आणि हँड्सफ्रीने तो फारसा कमी होत नाही. हात मोकळे होतात, डोकं नाही.

[एक जुनी मोटार. वयस्क जोडपं]

मग शेजारी बसलेल्याशी बोलायचंही नाही का? आमचे एक काका चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मोटार स्वतः चालवतात आणि काकू शेजारी बसून अखंड बोलतात. भाजीचे भाव, सुनेची रजा, गॅसवाल्याचं न येणं. पण अलका टॉकीजच्या चौकात बस आडवी आली की काकू अर्ध्या वाक्यात थांबतात. 'अहो, बस.' बस गेली की तेच वाक्य पुढे. फोनवरच्या माणसाला बस दिसत नाही, तो गप्प कसा होणार? हा फरक प्रयोगांतही दिसला आहे. शेजारचा प्रवासी रस्त्याबरोबर आपलं बोलणं कमीजास्त करतो.

काकांची अडचण निराळी. मान पूर्वीसारखी वळत नाही आणि रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. ते त्यांना ठाऊक आहे, म्हणून सातनंतर गाडी काढत नाहीत. मला काळजी वाटते ती मधल्यांची, म्हणजे माझ्या वयाच्यांची. चाळिशी लागली की डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. स्टँडवरच्या फोनचा नकाशा वाचून पुन्हा लांबचं बघताना नजर जुळायला जास्त वेळ लागतो. मुलांना आपण ओरडतो, पण पंचविशीतल्या पोरापेक्षा आपली ती एक नजर महाग पडते.

आणि खाण्याची पार्सलं पोचवणारी पोरं? त्यांच्या हँडलवर फोन आहे तो हौसेने नाही. ऑर्डर तिथेच येते, पत्ता तिथेच, उशीर झाला की ग्राहकाचा फोनही तिथेच. त्यांना 'फोन बघू नकोस' सांगण्याआधी, 'कुठे पोचलास?' म्हणून फोन करणारे आपण कोण, हे जरा आठवावं.

[क्लासबाहेर ओळीने उभ्या स्कूटर]

या स्कूटर अकरावी-बारावीच्या मुलांच्या. कायद्याने सोळाव्या वर्षी चालते ती फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगियरची गाडी. इथल्या बहुतेक ११०, १२५ सीसीच्या. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा अख्खं शहर त्याच्या आईबापांवर बोलत होतं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. स्कूटरच्या ओळी तरी तेवढ्याच लांब आहेत.

हातात फोन धरून चालवण्यालाही कायदा आहे. त्याच कायद्याचं कलम १८४, पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची. सरकारी तक्त्यात मोबाइलचा रकाना लहान दिसतो. पण अपघातानंतर 'मी फोन बघत होतो' असं पोलिसांना कोण सांगणार? मीही सांगितलं नसतं.

[घराचा जिना, रात्री साडेआठ]

आता माझा फोन डिकीत असतो. नळ स्टॉपला उभा असताना सीटखालून वाजतो, दबका, डब्यात मोठा भुंगा अडकावा तसा. आधी फार अस्वस्थ व्हायचो. परवा तर तो सलग वाजत होता. घरी आलो, डिकी उघडली, आईचे पाच मिस्ड कॉल. पोटात गोळा आला. दोन-दोन पायऱ्या चढून वर गेलो.

आई स्वयंपाकघरात होती. म्हणाली, "अरे, किती फोन केले तुला! येताना कोथिंबीर आणायची होती."

मी पिशवी घेतली आणि परत खाली उतरलो. चालत.