समेवर येणारी रेषा

नमस्कार श्रोतेहो.

आज मला एका व्हिडिओ गेमबद्दल बोलायचं आहे, आणि ते रेडिओवरून बोलायला मिळतंय याचा विशेष आनंद आहे. गेम म्हटलं की आपल्याला पडदा आठवतो, रंग आठवतात, मुलांच्या डोळ्यांची काळजी आठवते. हा गेम मात्र निम्मा कानांनी खेळायचा आहे. त्याचं नाव लुमिनेस. १२ डिसेंबर २००४ या दिवशी सोनीचा प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे ज्याला सगळे पीएसपी म्हणतात तो हातात धरायचा कन्सोल, जपानमध्ये विक्रीला आला आणि त्याच दिवशी हा गेमही आला. जपानी वेष्टणावर नावाला जोडून एक ओळ होती. तिचा अर्थ साधारण असा: आवाज आणि उजेड यांच्या रोषणाईचं कोडं. दिवाळीत गच्चीवर दिव्यांच्या माळा सोडतात ना, त्या रोषणाईसाठी जो जपानी शब्द आहे, तोच त्यात आहे. मला ते नाव फार आवडतं.

आमच्या घरी तो २००६ साली आला. माझा थोरला भाऊ तेव्हा बोटीवर नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्याने सिंगापूरहून पीएसपी आणला आणि परत जाताना माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "तू ठेव. यातलं गाणं तुला कळेल." आमच्या घरात तबला होता. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बँकेतली नोकरी सांभाळून संध्याकाळी पडवीत मुलांना तबला शिकवायचे. मी स्वतः फार पुढे शिकले नाही, पण रोज संध्याकाळी अभ्यास करताना पलीकडून तीनताल ऐकू यायचा. भाऊ तेवढ्यावरूनच म्हणाला असेल. त्याचा अंदाज बरोबर निघाला.

तर खेळ कसा आहे ते सांगते. टेट्रिस तुम्हाला माहीत असेलच. मॉस्कोत १९८४ साली अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो बनवला, आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'ब्रिक गेम' नावाच्या त्या छोट्या यंत्रांतून तो घरोघरी पोचला. वरून ठोकळे पडतात, आडवी ओळ भरली की ती त्याच क्षणी नाहीशी होते. लुमिनेसमध्येही ठोकळे वरूनच पडतात, पण प्रत्येक ठोकळा दोन घरं रुंद, दोन घरं उंच, असा चौकोनीच असतो. त्याच्या चार घरांत फक्त दोन रंग. हिशेब केलात तर फिरवून एकच होणारे ठोकळे वगळता सहाच प्रकार उरतात: दोन अख्खे एकरंगी, दोन तीनास एक असे, एक अर्धा अर्धा, आणि एक तिरपा, ज्यात एकाच रंगाची घरं फक्त कोपऱ्याला कोपरा लावून असतात. या तिरप्याने मला जितकं रडवलं तितकं दुसऱ्या कशानेच नाही. ठोकळा कडेवर अर्धा अधांतरी राहिला तर तो मधून तुटतो आणि तो अर्धा भाग खाली घसरतो, याचाही उपयोग करून घ्यायचा असतो. एकाच रंगाची चार घरं चौकोनात जुळवायची. जुळली की ती उजळतात.

उजळतात, पण जात नाहीत. सगळा खेळ इथे आहे.

पटाच्या डाव्या कडेहून एक उभी रेषा निघते आणि सरळ चालत उजव्या कडेला जाते. पोचली की पुन्हा डावीकडून सुरू. जुळलेले चौकोन ही रेषा उचलून नेते, आणि ती येईपर्यंत ते तिथेच, जागा अडवून बसलेले असतात. रेषेचा वेग वाजणाऱ्या गाण्याच्या लयीवर बांधलेला असतो. गाणं संथ, तर रेषा संथ. गाणं धावतं, तर रेषा धावते. ती आपल्यासाठी थांबत नाही आणि आपल्यासाठी लवकर येत नाही.

मी टेबलावर बोटं वाजवते, ऐका.

(टेबलावर संथ, एकसारखे ठोके)

हा समजा गाण्याचा ठेका. ठोक्यागणिक रेषा पुढे सरकते आहे. तुमच्या पटाच्या मध्यावर चौकोन जवळजवळ जुळत आलाय, एक घर हवंय. रेषा जवळ येतेय. तुम्ही ठोकळा टाकता, पण क्षणभर उशीर होतो आणि रेषा चौकोनाच्या डाव्या अर्ध्यावरून आधीच पुढे गेलेली असते. मग ती फक्त उजवा अर्धा घेऊन जाते, आणि गुण काहीच मिळत नाहीत. जुळवलेली वस्तू मोडते आणि हातात काही येत नाही. ज्यांनी मैफलीत एखादी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, संपवायचा तुकडा, सम चुकवून पडताना ऐकली आहे, त्यांना ती पोटातली कळ माहीत असेल. मला हा गेम तिथे पहिल्यांदा समजला.

हा गेम ज्यांच्या डोक्यातून आला ते तेत्सुया मिझुगुची. जन्म १९६५, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावरचं ओतारू हे बंदराचं गाव. सेगा कंपनीत त्यांनी आधी मोटारींच्या शर्यतीचा गेम केला. १९९७ साली स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकच्या रस्त्यावरच्या मोठ्या संगीत मिरवणुकीत ते गेले आणि आवाजाबरोबर दिवे हलतायत, दिव्यांबरोबर माणसं हलतायत, हे पाहून भारावले. त्यातून २००१ साली रेझ नावाचा गेम आला. तो त्यांनी वासिली कँडिन्स्की यांना अर्पण केला आहे, संगीत रंगांत उतरवू पाहणाऱ्या त्या रशियन चित्रकाराला. रेझमध्ये तुम्ही मारलेल्या प्रत्येक फटक्याचा आवाज गेम किंचित सरकवून ठेक्यावर आणून बसवतो. तुमचा हात बेताल असला तरी ऐकू येणारं सगळं तालात. शिकाऊ विद्यार्थ्याला सांभाळून घेणाऱ्या प्रेमळ साथीदारासारखं ते आहे.

लुमिनेस तसं सांभाळून घेत नाही. माझ्या मते म्हणूनच तो रेझच्या पुढचं पाऊल आहे. रेझ तुम्हाला तालात असल्याचा आनंद देतो. लुमिनेस तुम्हाला तालात यायला लावतो.

मिझुगुची २००३ साली सेगातून बाहेर पडले आणि क्यू एंटरटेनमेंट नावाची नवी कंपनी सुरू केली. त्यांना खरं तर संगीतावर चालणारं टेट्रिस करायचं होतं, पण टेट्रिसचा परवाना तेव्हा त्यांना मिळण्यासारखा नव्हता. त्याच सुमाराला सोनीचे केन कुतारागी येऊ घातलेल्या पीएसपीला 'एकविसाव्या शतकाचा वॉकमन' म्हणत होते. ही उपमा मिझुगुचींच्या मनात बसली असणार हे गेम पाहूनच कळतं. तोवरच्या हातातल्या कन्सोलचा आवाज पिपाणीसारखा. पीएसपीला हेडफोन लावले की खरंखुरं, भरदार स्टिरिओ गाणं कानात पडायचं. पडदाही वेगळा होता, ४८० ठिपके रुंद आणि २७२ उंच, चांगला ऐसपैस आडवा. टेट्रिसचा पट विहिरीसारखा, अरुंद आणि खोल. लुमिनेसचा पट १६ घरं रुंद आणि १० घरं उंच, अंगणासारखा पसरलेला. आडव्या पडद्यावर आडवा पट आला, आणि आडवा पट आला म्हणून डावीकडून उजवीकडे चालणारी रेषा आली, अगदी स्वरलेखन वाचताना नजर चालते तशी. यंत्राचा आकार आणि खेळाचा आकार इतके एकमेकांत मिसळलेले मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहेत.

संगीत बहुतेक ताकायुकी नाकामुरा यांचं. पहिलंच गाणं मात्र मोंदो ग्रोस्सोचं, म्हणजे शिनइची ओसावा यांचं. गाणं बदललं की सगळं बदलतं: पार्श्वभूमी, दोन्ही रंग, ठोकळा फिरवल्याचा आवाज, टाकल्याचा आवाज, चौकोन उचलला गेल्याचा आवाज. खेळाडू याला स्किन म्हणतात. मघापर्यंत केशरी-पांढरं असलेलं डोळ्यांसमोर एकदम दुसऱ्याच रंगांचं होतं, आणि आपला अर्धवट रचलेला ढीग तोच असूनही अनोळखी दिसायला लागतो. अशा वेळी डोळे गोंधळतात, पण कान लगेच नवा ठेका पकडतात. मी कितीदा तरी अशा घडीला कानांवर भिस्त ठेवून सावरले आहे.

आता लयीबद्दल थोडं थांबून बोलते, कारण मला वाटतं या गेमचं खरं शहाणपण तिथे आहे.

संथ गाणं लागलं की नवखा माणूस सुस्कारा सोडतो. रेषा हळू चालणार, आपल्याला वेळ मिळणार. पण ठोकळे पडायचे थांबत नाहीत. उजळलेले चौकोन रेषेची वाट बघत तिष्ठत राहतात, त्यांच्यावर नवे ठोकळे चढतात, ढीग छताला टेकायला लागतो, आणि रेषा आपली अजून पटाच्या तिसऱ्या घरात. उलट धावत्या गाण्यात पट सतत साफ होत राहतो, पण काही मोठं रचायला उसंतच मिळत नाही. दोन चौकोन जुळले की गेले, दोन जुळले की गेले. आणि गुणांची गंमत अशी, की एका फेरीत चार किंवा जास्त चौकोन उचलले गेले तरच गुण पटीने वाढतात, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत ते साधत राहिलं तर ती पट चढत जाते. चौकोन एकमेकांत अडकलेले चालतात. दोन बाय तीन घरं एकरंगी झाली तर दोन चौकोन, तीन बाय तीन झाली तर चार. म्हणजे धीराने रचणाऱ्याला विलंबितात, संथ लयीत, घबाड आहे आणि धीर सुटला तर विलंबितातच मरण आहे. अण्णा विद्यार्थ्यांना सांगायचे, द्रुतात, जलद लयीत, हात चालला की झाकलं जातं, विलंबितात माणूस उघडा पडतो. मी हे वाक्य लहानपणापासून ऐकत होते. ते मला हाताच्या बोटांत कळलं, ते या गेममुळे.

पुढचा इतिहास थोडक्यात. २००६ साली दुसरा भाग आला, २०१२ साली पीएसपीनंतरच्या पीएस व्हिटा या कन्सोलवर आणखी एक आला. २०१८ साली मूळचा खेळ नव्या यंत्रांसाठी आणि संगणकासाठी पुन्हा घडवला गेला, आज ऐकायचा असेल तर तो मिळणं सगळ्यात सोपं. त्याच वर्षी मिझुगुचींच्या हातून संगीतावर चालणारं टेट्रिसही झालं, टेट्रिस इफेक्ट या नावाने. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात लुमिनेस अराइज आला. पण मी अजून वारंवार परत जाते ती पहिल्याकडेच.

अण्णांनी हा गेम कधी खेळला नाही. त्यांनी तो ऐकला. गणपतीची सुट्टी होती, मी ओसरीवर बसून खेळत होते, आणि ते म्हणाले, "काय वाजतंय बघू." मी हेडफोन त्यांच्या कानाला लावले आणि खेळत राहिले. पडद्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, ते अंगणातल्या पोफळींकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांचा हात मांडीवर चालायला लागला. मी पाहत होते: रेषा डाव्या कडेला उगवली की बरोबर त्याच वेळी त्यांची टाळी पडत होती. चार फेऱ्या, पाच फेऱ्या, एकदाही चूक नाही. मी म्हटलं, "अण्णा, याला १६ घरं आहेत. तीनतालासारखी." ते हसले. हा योगायोग आहे, टोकियोत कोणी तीनताल डोक्यात ठेवून पट आखला नसणार, हे मलाही ठाऊक होतं. हेडफोन काढून देताना ते एवढंच म्हणाले, "छान आहे. पण याला खाली नाही."

ज्यांचा तालाशी परिचय नाही त्यांच्यासाठी सांगते. तीनतालात १६ मात्रा, चार चारांचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला टाळी द्यायची नाही, हात नुसता बाजूला न्यायचा. ती खाली. आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, कुठवर आलंय हे त्या मोकळ्या जागेवरून कळतं.

त्यांचं म्हणणं मला पटलं आणि रुखरुखही लागली. हे संगीत चारच्या हिशेबात सरळ पुढे जातं, त्यात खाली कुठून येणार? मग मी पुण्याला नोकरीवर परतले. एका रात्री उशिरा खेळत होते. संथ गाणं होतं. पटाच्या डावीकडे दोन चौकोन तयार, थोडं पुढे आणखी एक, मग मध्ये तीन-चार घरांत काहीच जुळलेलं नाही, आणि उजव्या टोकाला पुन्हा दोन. रेषा निघाली. उचलल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग रेषा मधल्या त्या घरांवरून काहीही न उचलता गेली, गाणं तेवढं चालू राहिलं. मग टोकाला पुन्हा आवाज. ती मधली जागा मी ठेवली होती, न जुळवता. गाण्यात खाली नव्हती, पण पटावर होती, आणि ती कुठे पडेल हे खेळणारा ठरवत होता.

साडेअकरा वाजून गेले होते, तरी मी घरी फोन लावला. अण्णा जागे होते. मी धांदलीने सगळं सांगितलं, डावीकडे दोन, पुढे एक, मध्ये मोकळं, टोकाला दोन. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं सांगून झालं तसा पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आणि मग हे.

(टेबलावर एक ठोका. विराम. एक ठोका. दुप्पट लांब विराम. एक ठोका. विराम. शेवटचा ठोका.)