हा पाव कुठला?

(दृश्य: पहाटेची भट्टी. अंधारात निखारे.)

गोव्याच्या सासष्टी तालुक्यातलं गाव. गाव झोपलेलं, भट्टी जागी. निखारे एका अंगाला ओढायचे, ओल्या गोणपाटाने तळ पुसून घ्यायचा. मग चिमूटभर मैदा आत भिरकावायचा. तो पडताक्षणी काळा झाला, तर थांबायचं. सावकाश तांबूस झाला, की गोळे आत सोडायचे. इथे तापमान दाखवणारा काटा नाही. आहे तो पोदेराचा डोळा.

पोदेर म्हणजे गोव्याचा पाववाला. हे नाव पोर्तुगीजांच्या 'पादेइरू'वरून आलं, आणि पाव त्यांच्याच 'पांव'वरून. त्याच्याही मागे गेलं की लॅटिनमधला 'पानिस' सापडतो. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांना भाताच्या मुलखात गव्हाची भाकर हवी होती, शिवाय चर्चमधल्या विधीलाही ती लागायचीच. पीठ फुगवायला यीस्ट नव्हतं, पण माड होते. माडाची सूर, म्हणजे आंबणारी माडी, पिठात घातली आणि पीठ फुगलं. जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या पाद्र्यांनी ही विद्या सासष्टीतल्या ख्रिस्ती कुटुंबांना शिकवली, आणि सुरुवात तिथल्याच माजोर्डा गावात झाली, असं गोव्यात सांगतात.

(दृश्य: परातीतलं पीठ, कोपरापर्यंत पांढरे झालेले हात.)

पाय लावून मळतात म्हणून तो पाव, हे आपल्याकडे कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच. नीट बघा, हे हात आहेत. आणि समजा पाय असते, तरी शब्दाची व्युत्पत्ती बदलली नसती.

(दृश्य: टोपलीतले पाव, एकेक जवळून.)

हा गोल, टणक सालीचा उंडो. ही कोंड्याची पोयी, आतून पोकळ. ही कांकणं, बांगडीच्या आकाराची आणि बांगडीचंच नाव मिरवणारी. टोपली सायकलला बांधली जाते, रबरी भोंगा वाजतो आणि दारं उघडतात.

(दृश्य: वाण्याचं दुकान. तराजू.)

"पाव किलो साखर द्या." हाही पाव, पण याचा भट्टीशी काही संबंध नाही. हा संस्कृत 'पाद'वरून आला. पाद म्हणजे पाय, आणि चौपायी जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. पावशेर, पाऊण, सव्वा आणि जुन्या चार आण्यांची पावली, सगळी याच घरातली. लादीतून चार पाव मोडतात म्हणून एकाला पाव म्हणतात, असंही एक ऐकीव स्पष्टीकरण आहे. हिशेबाला चोख, पण खरं नाही.

आणि देव पावतो, तो तिसरा. त्याचं मूळ 'प्राप्', म्हणजे मिळणं, पोचणं. दुकानदार फाडून देतो ती पावतीही त्यातलीच. पावाची पावती म्हणताना आपण दोन वेगळ्या कुळांतले शब्द शेजारी बसवतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

(दृश्य: नकाशा. गोव्याहून पूर्वेकडे सरकणारी रेघ.)

१५४३ साली पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. तिथेही त्यांचा 'पांव' उतरला. आपण त्यातला व ठेवला आणि अनुनासिक सोडून दिलं. जपान्यांनी नेमकं उलट केलं, आणि त्यांचा झाला 'पान'. जपानी बेकरीच्या पाटीवर दोनच अक्षरं असतात: पा आणि न. मराठी माणूस ती वाचून पानपट्टी शोधेल. जपानीतून हाच शब्द कोरियनमध्ये 'प्पांग' झाला.

(दृश्य: बांबूच्या टोपलीतून निघणारी वाफ.)

आता हे बघा. मऊ, पांढरं, आत सारण. चिनी लोक याला 'बाओ' म्हणतात, मलेशियात आणि इंडोनेशियात 'पाऊ'. जिन्नस तोच वाटतो, नावही तेच वाटतं. पण नातं शून्य! 'बाओ' म्हणजे गुंडाळणं, आणि तो शब्द अस्सल चिनी आहे. पोर्तुगीज जहाजं त्या समुद्रात येण्याच्या कितीतरी आधीचा. ज्या मलेशियात पाऊ चिन्यांकडून आला, तिथेच ब्रेडला मात्र आपल्याकडून गेलेला शब्द आहे: रोटी.

(दृश्य: मुंबई. बेकरीच्या फळीवर लादी पाव.)

गोव्याचे ख्रिस्ती पाववाले मुंबईत आले आणि पाव मराठी घरांच्या उंबऱ्याशी येऊन अडला. पाव खाल्ला की माणूस बाटला, अशी समजूत होती. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या, जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेने नेमका त्याच समजुतीवर घाव घातला. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा. सभा गुप्त, पण तुकडा खरा. तिच्या चालकांत होते दादोबा पांडुरंग, ज्यांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं. विभक्ती आणि प्रत्यय शिकवणाऱ्या माणसाने पावाचीही बाजू घ्यावी, हे आम्हाला फार आवडलं. १८६० मध्ये सभासदांची नावं फुटली आणि सभा मोडली. पाव राहिला. आता वड्याला त्याच्याशिवाय चालत नाही.

(दृश्य: लाकडाचा ढीग, भट्टीचं तोंड, कडक पाव बाहेर येताना.)

मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत इंधन बदलावं, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. कारण हवेचं प्रदूषण, आणि ते खोटं नाही. गॅसवरही पाव भाजतो. पण कडक पावाला ही साल येत नाही असं कारागीर म्हणतात, आणि दोन्ही खाऊन पाहिल्यावर आम्ही त्यांच्याच बाजूचे आहोत.