दारं धरणारा स्नायू

(लातूरमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय ठरला तेव्हा एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बायका असतील का हो कार्यक्रमाला?" मी म्हटलं, असाव्यात. प्रोस्टेट ग्रंथीच्या ऑपरेशननंतर घरच्या माणसाची लघवी गळतेय हे सगळ्यात आधी चादर धुणाऱ्या हाताला कळतं. तो हात काही बोलत नाही, माणूसही बोलत नाही, आणि महिनेच्या महिने निघून जातात. आमच्या घरी असंच झालं.

माझ्या वडिलांची, अण्णांची, प्रोस्टेट कॅन्सरमुळे पूर्ण काढावी लागली. ऑपरेशन चांगलं झालं. काही दिवसांनी लघवीची नळी निघाली. घरी सोडताना हातात जो कागद मिळाला त्यावर शेवटी एक ओळ होती : ओटीपोटाचे व्यायाम करावेत. कोणते, कसे, किती, काही नाही. मी तेव्हा गुडघे, कंबर आणि लकव्याचे रुग्ण बघायचो. मलाही या व्यायामातलं धड काही येत नव्हतं, हे आज तुमच्यासमोर कबूल करतो. अण्णा दरवर्षी दिंडीत जायचे. त्या आषाढात म्हणाले, गुडघा दुखतो. त्यांचा गुडघा मी स्वतः तपासला होता, गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

त्या एका ओळीच्या मागे काय असायला हवं होतं, ते आज सांगतो.

आपल्यातल्या निम्म्या लोकांनी रात्रीची लाईट धरून शेतात दारं धरलेलं आहे, म्हणजे पाटाचं पाणी सोडलं-अडवलं आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. मूत्राशय म्हणजे धरण समजा. त्याच्या तोंडाशी एक दरवाजा असतो, तो आपोआप मिटलेला राहतो. झोपेतही. त्याच्या लगेच खाली प्रोस्टेट, तरुणपणी सुपारीएवढी, आणि तिच्या मधोमध लघवीचा मार्ग. प्रोस्टेटच्या खाली दुसरा झडपेसारखा स्नायू असतो. हा आपल्या हुकमातला, म्हणजे शेतातलं दारं. धरणाचा दरवाजा भक्कम असतो तोवर खालच्या दाराला फारसं काम पडत नाही. ऑपरेशनमध्ये वरच्या दरवाजाला धक्का लागतो. साधी गाठ दुर्बिणीतून खरवडली तर कमी, कॅन्सरसाठी पूर्ण प्रोस्टेट काढली तर पुष्कळ. मग ज्या गड्यानं आयुष्यभर बांधावर बसून विडी ओढली, त्याच्यावर एका दिवसात सगळ्या पाण्याची जबाबदारी येते. तो कमजोर पडतो यात त्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही. त्याला तयार करावं लागतं.

म्हणूनच खोकताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना, पोतं उचलताना गळतं. पोटातला दाब वाढतो आणि खालचं दारं वेळेवर मिटत नाही.

आता व्यायामाचं मूळ. अमेरिकेत अर्नोल्ड केगेल नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी त्यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले. पुढे तेच पुरुषांना सांगितले जाऊ लागले, आणि सांगताना बहुतेक ठिकाणी एकच सूचना दिली गेली : संडास रोखल्यासारखं मागून आवळा. आपल्याकडे योगवर्गात अश्विनी मुद्रा शिकलेले पुष्कळ जण आहेत, ते म्हणतात, हे तर आम्ही रोज करतो. अश्विनी मुद्रा चांगलीच आहे, पण तिच्यात जोर गुदद्वाराकडे, मागे जातो. आपलं दारं पुढे आहे. ऑस्ट्रेलियातले पॉल हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफी लावून पाहिलं, की वेगवेगळ्या सूचनांनी पुरुषाचा कोणता स्नायू हलतो. लघवीच्या मार्गाभोवतीचा स्नायू सगळ्यात जास्त हलला तो "लिंग आत ओढून आखूड करा" या सूचनेनं. अण्णांना मी हे चार महिने उशिरा सांगितलं. माझ्या मनाला ते अजून लागतं.

लाजू नका, नीट ऐका. पौषात पहाटे गोदावरीत कमरेएवढ्या पाण्यात उतरताना खालचा भाग जसा आत आणि वर ओढला जातो, ते आठवा. आरशासमोर उभं राहून केलं तर लिंगाचं मूळ किंचित आत जाताना आणि अंडकोष जरासे वर उचलले जाताना दिसायला हवेत. नितंब आवळले गेले, मांड्या ताठ झाल्या, पोट फुगलं किंवा श्वास कोंडला, तर चुकतंय. विशेषतः श्वास. श्वास कोंडून जोर लावला की पोटाचा दाब खाली येतो आणि ज्या दाराला बळ द्यायचं त्यालाच आपण धक्का देतो.

स्नायू सापडला की आधी आडवे पडून करायचं. आत ओढा, पाच सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, मग पूर्ण सैल सोडा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत न्या. त्याशिवाय झटपट ओढून सोडण्याचेही दहा. रात्रभर दारं धरायला दम लागतो आणि फुटलेला बांध लिंपायला चपळाई लागते, या स्नायूला दोन्ही शिकवायचं आहे. नळी असेपर्यंत मात्र काही करू नका. आणि लघवी करताना धार तोडायचा रोज सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं न होण्याची सवय लागते. खरं तर हे ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्यावं, तेव्हा दुखत नसतं आणि नळीही नसते.

पण नुसती मोजदाद करून भागत नाही, हे मला रुग्णांनी शिकवलं. एक गृहस्थ दिवसाला तीनशे वेळा आवळायचे आणि उठताना पायजमा ओला व्हायचाच. कारण उठताना ते आवळतच नव्हते! दाब यायच्या आधी दारं मिटायला हवं. खोकला येतोय असं वाटलं की आधी आत ओढा, मग खोका. घागर उचलायच्या आधी, एसटीची पायरी चढायच्या आधी, सतरंजीवरून उठायच्या आधी. काही आठवडे आठवणीनं करावं लागतं, मग अंगवळणी पडतं.

हा व्यायाम जादू आहे असं मी म्हणणार नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनला १०२ पुरुषांवर झालेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांची प्रोस्टेट पूर्ण काढलेली होती. व्यायाम शिकवलेल्यांपैकी ८८ टक्के तीन महिन्यांत कोरडे झाले, न शिकवलेल्यांपैकी ५६ टक्के. वर्षभरात मात्र हा फरक बराच कमी झाला. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात, २०११ साली, बारा महिन्यांनंतर दोन्ही गटांत जवळपास फरकच दिसला नाही. म्हणजे शरीर स्वतःही सावरतं. पण ज्याची एक वारी चुकते, त्याला तीन महिने आणि बारा महिने यांतलं अंतर विचारा. शिवाय नेमका कोणता स्नायू शिकवला जातो, यावर पुष्कळ अवलंबून आहे असं माझं मत आहे.

सुधारणा बहुधा रात्रीपासून सुरू होते, मग बसताना, आणि शेवटी चालताना. सकाळी कोरडं आणि संध्याकाळी ओलं, म्हणून निराश होऊ नका, तो स्नायू थकलेला असतो. दुपारी अर्धा तास पाठ टेका.

आता पाणी. ज्या लातूरनं २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, त्या लातूरला पाण्याचं मोल मी काय सांगणार! तरीही गळतं म्हणून पाणी तोडणारे मला रोज भेटतात. लघवी घट्ट होते, जळजळ होते, घाई वाढते. पाणी पुरेसं प्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं. कमी करायचाच तर चहा कमी करा. आणि पोट साफ ठेवा, कुंथण्यानं हाच स्नायू ढिला पडतो. लघवी अडली, लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या, ताप आला किंवा धार दिवसेंदिवस बारीक होत गेली, तर व्यायाम करत बसू नका, ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे जा.

एक चिठ्ठी आली आहे : "ऑपरेशनला दीड वर्ष झालं, अजून दिवसाला तीन पॅड लागतात, आता काही उपयोग आहे का?" आहे. आधी व्यायाम बरोबर होतोय का ते तपासून घ्या, बहुतेकांना तो कुणी शिकवलेलाच नसतो. त्यानंतरही तसंच राहिलं तर मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवता येते, ती ऑपरेशनं आहेत आणि त्यासाठी युरॉलॉजिस्टना भेटावं लागेल. चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी नाव घातलेलं नाही, ते घालायची गरजही नाही. कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या खोलीत तासभर आहे. काकूंना बरोबर घेऊन आलात तरी चालेल.