ऑक्टोबरच्या सकाळी वेताळ टेकडीवर: रंग नव्हे, शेपूट पाहा

नमस्कार. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा सुरू आहे, नुकतेच उजाडले आहे आणि मी पुण्याच्या वेताळ टेकडीवर, जुन्या दगडखाणीच्या काठाशी उभा आहे. दवाने भिजलेल्या गवतातून इथवर येताना बूट पुरते ओले झाले आहेत.

इतक्या लवकर येण्याचे कारण असे, की हिवाळा घालवायला उत्तरेकडून येणारे बहुतेक छोटे पक्षी रात्री उडतात. रात्रीची हवा थंड आणि शांत असते, शिकारी पक्ष्यांचा धोका कमी असतो आणि ताऱ्यांवरून दिशाही राखता येते. पहाटे ते खाली उतरतात तेव्हा सपाटून भुकेले असतात, म्हणून उन्हे चढेपर्यंतच्या दोन तासांत फांदीफांदीवर त्यांची किडे टिपण्याची धांदल चाललेली दिसते.

आता ऐका. गिरिपुष्पाच्या झाडीतून "ची-वी, ची-वी" असा आवाज येतो आहे. हा हिरवट पर्णवटवट्या. याचे वजन जेमतेम दहा रुपयांच्या नाण्याइतके. तेवढ्या जिवानिशी हा हिमालयातील जंगलांतून किंवा त्याही पलीकडून आला आहे. पानांच्या रंगात तो असा मिसळतो की आधी कानांनी झाड ठरवावे आणि मगच दुर्बीण उचलावी.

तांबुला या छोट्या, किडे टिपणाऱ्या पाहुण्या पक्ष्याच्या बाबतीत नवखे हमखास फसतात, आणि त्यात नावाचाच दोष अधिक आहे. तांबूस गळा प्रौढ नराचा असतो. मादी आणि यंदा जन्मलेली पिल्ले फिकट तपकिरीच असतात, त्यामुळे गळ्याकडे पाहत बसलात तर समोरचे बरेचसे तांबुले तुमच्या नोंदीतून निसटतील. त्यापेक्षा शेपूट पाहा: ती काळपट असते, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असतात आणि पक्षी ती सारखी वर उचलतो.

खाणीतल्या दगडावर बसलेल्या थिरथिऱ्याची शेपूट तांबूस असते आणि अक्षरशः थरथरते. पाण्याकाठचा करडा धोबी मात्र आपली लांब शेपूट वर-खाली हलवतो.

मोबाइलवर त्यांच्याच जातीचा आवाज वाजवून पक्ष्यांना जवळ बोलावणे मला पटत नाही. रात्रभर उडालेल्या पाखराला खाणे सोडून खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावायला लावण्यात कसले निरीक्षण?

त्याऐवजी वटवट्याचे झाड वहीत टिपून ठेवा. हे पक्षी हिवाळ्यातही आपापली हद्द राखतात, त्यामुळे इथे स्थिरावलेला वटवट्या तुम्हाला जानेवारीतही त्याच झाडांत ऐकू येईल.