पस्तीस दिवसांनंतर

पुण्यातील येरवडा येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साह्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केले, तेव्हा शहरातील तरुण गर्दच्या (ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइनच्या) आहारी जाऊ लागले होते. येथील निवासी उपचार साधारणपणे ३५ दिवसांचे असतात. पेटी घेऊन परतणारा माणूस बरा होऊनच आला, असे घरच्यांना वाटते. उपचार करणाऱ्यांना मात्र पुढच्या काही महिन्यांची काळजी अधिक असते.

शरीरातून दारू बाहेर पडायला फार दिवस लागत नाहीत, पण हा टप्पा धोक्याचा असतो. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी थांबवली, तर हात थरथरतात, झोप उडते, काहींना फीट येते आणि दोन-तीन दिवसांनी तीव्र भ्रम होऊन जीवावरही बेतू शकते; म्हणूनच खोलीत कोंडून दारू सोडवण्याचा घरगुती उपाय कधीही करू नये. मेंदूची घडी बसायला याहून कितीतरी अधिक काळ लागतो. झोप नीट लागत नाही, मन कशातच रमत नाही, चिडचिड होते, आणि यावरचा झटपट उतारा कोणता, हे मेंदूला पाठ असते.

घसरण पहिल्या पेल्यापूर्वीच सुरू झालेली असते. कामाचे निमित्त काढून फॉलोअप चुकवला जातो, जुन्या मित्राचा फोन पुन्हा घेतला जातो, पगाराच्या दिवशी घरी येण्याचा रस्ता बदलतो. गटारी, हळदीचा कार्यक्रम आणि ३१ डिसेंबर हे प्रसंग ठाऊक असल्याने त्यांची तयारी करता येते. परंतु भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही कारणे इतकी साधी असतात की त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. अनेकदा तर सारे सुरळीत चाललेले असतानाच ‘आता एक पेग घेऊन थांबता येईल’ हा विचार डोके वर काढतो. तलफ मात्र सतत वाढत राहत नाही. ती शिगेला पोहोचते आणि तेवढा वेळ माणूस दुसऱ्या कामात किंवा कुणाच्या सोबतीत राहिला, तर ओसरते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी पुढच्या क्षणाचा बारकाईने विचार केला. एकदा प्यायल्यावर ‘सगळे केलेले वाया गेले’ ही अपराधी भावना दाटून येते, आणि ती बुजवण्यासाठीच माणूस पीत सुटतो, असे त्यांचे निरीक्षण होते. घरातून येणारे ‘शेवटी प्यायलासच ना?’ हे वाक्य नेमके याच भावनेला बळ देते. अर्थात वर्षानुवर्षे फसवणूक सोसलेल्या पत्नीने संशयच घेऊ नये, ही अपेक्षाही अन्यायाचीच आहे. तिचा राग आणि भीती व्यक्त व्हायला स्वतंत्र जागा हवी. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, तो यासाठीच.

नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली, तर पुन्हा पिण्याची शक्यता कमी होते. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिरातींच्या नादी लागून जेवणात पावडर मिसळणे ही मात्र वेगळीच गोष्ट. अशा पावडरीत डायसल्फिराम हे औषध असू शकते. ते घेतलेला माणूस दारू प्यायला, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो. स्वतःला काय दिले आहे हे ठाऊक नसलेल्या माणसासाठी हा जीवघेणा प्रकार ठरू शकतो.

पाय घसरलाच, तर त्याच दिवशी समुपदेशकाला किंवा १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करावा. गर्द किंवा इंजेक्शन घेणाऱ्याच्या बाबतीत ही घाई अधिकच गरजेची असते, कारण काही आठवडे नशा थांबल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वी पचणारा डोस आता श्वास थांबवू शकतो. ओठ निळे पडू लागले, श्वास मंदावला किंवा हाका मारूनही जाग येत नसेल, तर समुपदेशकाची वाट न पाहता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला कुशीवर वळवावे आणि त्याने काय घेतले आहे, हे डॉक्टरांपासून लपवू नये.