काळ्या कडेची मोरी

(कोची. तोप्पुंपडीचं मासेमारी बंदर. पहाटे साडेचार.)

आधी बर्फ फोडल्याचा आवाज येतो, माणसं मागाहून दिसतात. लिलावाला अजून अर्धा तास आहे. एका बाजूला सुरमई, दुसऱ्या बाजूला कुपा, आणि भिंतीलगत, जिथे ट्यूबलाइट नीट पोचत नाही, तिथे हा ढीग. राखाडी, सडपातळ, दीड-दोन हात लांबीच्या मोऱ्या.

शार्क म्हटल्यावर दात दाखवायचे, म्हणून कॅमेरा खाली नेला होता. दात राहूनच गेले.

(डोळ्याचा क्लोज-अप. आठ सेकंद निवेदन नाही.)

हा डोळा मेलेल्या प्राण्याचा आहे. समुद्रातून निघून त्याला काही दिवस झालेत, बर्फातून आत्ताच बाहेर आलाय. तरी दिवा पडला की आतून हिरवा पेटतो. रात्री एसटीच्या उजेडात रस्त्यावरच्या मांजराचे डोळे चमकतात, तोच प्रकार. डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. आत शिरलेला उजेड पडद्याला पहिल्या फेरीत टिपता आला नाही, तर हा थर तो परत पाठवतो आणि दुसरी संधी देतो. जिथे उजेडाची इतकी काटकसर करावी लागते, तिथली ही रहिवासी.

इंग्रजीत हिला गल्पर शार्क म्हणतात. शास्त्रीय कूळ सेन्ट्रोफोरस. ग्रीक शब्द आहे, अर्थ ‘काटे बाळगणारा’. पाठीवरच्या दोन्ही परांच्या पुढे एकेक काटा आहे, बघा. हात लावताना मजूर तो बरोबर चुकवतात. या ढिगातली जात आकारानं लहान, सेन्ट्रोफोरस अ‍ॅट्रोमार्जिनेटस. ‘काळ्या कडेचा’. परांच्या कडा खरंच काळ्या आहेत, शाईत बुडवून काढल्यासारख्या. 1913 साली सॅम्युअल गार्मन यांनी जपानमधल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. कातडीवरून शेपटीकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत, उलट फिरवलं तर पॉलिशपेपर.

मराठीत हिला नाव नाही. मालवणात मोरी, रत्नागिरीकडे मुशी, पण ती वेगळी, किनाऱ्याजवळची. ही आपल्या बाजारात येत नाही, आणि त्याला कारण भूगोल आहे.

(नकाशा. अरबी समुद्राचा तळ.)

शाळेतला भूखंडमंच आठवतोय? किनाऱ्यापासून पुढे गेलेला समुद्राचा उथळ ओटा. मुंबईसमोर तो जवळजवळ 300 किलोमीटर रुंद आहे. आपल्या होड्यांची बहुतेक मासेमारी या ओट्यावरच होते. दक्षिणेला तो अरुंद होत जातो. केरळच्या किनाऱ्यावरून निघालेली बोट काही तासांत ओट्याच्या कडेला पोचते. कडेपलीकडे खंडान्त उतार. तळ घसरत जातो: 200 मीटर, 500, 1000. या उतारावर आणि लक्षद्वीप, अंदमानच्या आसपासच्या बुडालेल्या डोंगरांवर ही मोरी राहते.

(पाण्याखालचं चित्रीकरण. निळा रंग काळा होत जातो.)

200 मीटरच्या खाली वनस्पती वाढू शकेल इतका उजेड उरत नाही. उरतो तो फक्त निळा, तोही कणाकणानं विरत जाणारा. 1000 मीटरला सूर्य संपतो. त्यापुढचा प्रकाश प्राण्यांनी स्वतः तयार केलेला, कोळंबीचा, नळ माकुलांचा, पोटावर दिव्यांच्या ओळी असलेल्या कंदीलमाशांचा. मोरी खाते ते हेच.

500 मीटरवर पाणी थंड, 10-12 अंशांचं. दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे इथे पन्नास पट. आणि या दाबाखाली ही बाई निवांत तरंगतेय. शेपूट क्वचित हलते. बुडत नाही, वर येत नाही.

याचं उत्तर तिच्या पोटात आहे. आता ते नीट बघू, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडतं.

(बंदर. सुरी. पोट उघडलं जातं.)

घोळ माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. आपल्याकडे तिला बोत म्हणतात, आणि तिच्यासाठी व्यापारी लाखांत पैसे मोजतात. ती हवा माशाला पाण्यात तोलून धरते. पण हवा दाबली जाते. खोलातला हेकरू गळाला लावून झटकन वर ओढा, पिशवी फुगते आणि तिच्या रेट्यानं त्याचं जठर तोंडातून बाहेर येतं. शार्कला ही पिशवीच नाही. तिचा भार सांभाळतं यकृत.

हे यकृत. फिकट पिवळं, दोन लांब पाळ्या, गळ्याखालून सुरू होऊन जवळजवळ पोट संपेपर्यंत गेलेल्या. पूर्ण वाढलेल्या गल्परच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा हे एकटं भरतं, कधी त्याहून जास्त. माणसाचं यकृत दीड किलोच्या आसपास असतं. या हिशेबानं साठ किलोच्या माणसाला बारा किलोचं यकृत वागवावं लागलं असतं.

हातात घेतलं की ते निसटतं. बोटांमधून जे ओघळतं ते रक्त कमी आणि तेल जास्त. तेल पाण्यापेक्षा हलकं, आणि दाबाखाली जवळजवळ आक्रसत नाही. म्हणून तीच मोरी 300 मीटरवर तरंगते आणि 800 मीटरवरही.

या तेलातला मोठा भाग एकाच पदार्थाचा असतो. निम्म्याहून अधिक, काही जातींत 80 टक्क्यांच्या आसपास. जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी 1906 साली खोल समुद्रातल्या शार्कच्या तेलात तो शोधला, आणि 1916 मध्ये त्याला नाव दिलं: स्क्वालीन. रंगहीन, पातळ, पाण्याहून बराच हलका. तो तुमच्याकडेही आहे. नाकाच्या शेंड्यावर बोट घासा. बोटाला जो तेलकटपणा लागला त्यात स्क्वालीन आहे. आपलं शरीर कोलेस्टेरॉल बनवताना वाटेत तेच तयार करतं. मोरी ते साठवते, एवढाच फरक.

(यकृतांनी भरलेल्या निळ्या पिंपांची रांग.)

दुसऱ्या महायुद्धात परदेशी कॉड लिव्हर ऑइल मिळेनासं झालं, तेव्हा मुंबईत आणि कालिकतला शार्कच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली. ते ‘अ’ जीवनसत्त्वासाठी, किनाऱ्याजवळच्या शार्कचं. गल्परच्या तेलात ते जीवनसत्त्व फारसं नाही. त्यामुळे तिच्या वाटेला बरीच वर्षं कुणी गेलं नाही. मग सौंदर्यप्रसाधनांचा बाजार आला.

तेल काढायची रीत साधी आहे. यकृताचे तुकडे करायचे, पाण्यात घालून मंद आचेवर ठेवायचे. आच वाढली तर तेल काळपटतं. तुकडे विरघळतात, गाळ खाली बसतो, तेल वर येतं. पळीनं काढून कापडातून गाळायचं. तुपाची बेरी बाजूला काढणाऱ्या कुणालाही हे समजेल. वास मात्र तुपाचा नाही. तीन दिवस आमच्या कपड्यांना तो होता.

पुढचं काम कारखान्यात. फाटकाच्या आत आमचा कॅमेरा गेला नाही, पण रसायनशास्त्र लपवण्यासारखं नाही. निर्वात पात्रात तेल तापवून स्क्वालीन वेगळं काढतात. मात्र ते हवेत टिकत नाही, खवट होतं. म्हणून त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करतात आणि स्क्वालीनचं होतं स्क्वालेन. एका वेलांटीच्या जागी एक मात्रा. हे मात्रावालं वर्षानुवर्षं टिकतं, वास नाही, चिकटपणा नाही, त्वचेत क्षणात मुरतं. क्रीम, लिपस्टिक, सीरम. वेलांटीवालं कॅप्सूलमध्ये जातं, आणि काही लशींमध्येही, त्यांचा परिणाम वाढवण्यासाठी.

(बोट धक्क्याला लागते. खलाशी उतरतात.)

ही बोट कोचीची, माणसं मात्र तूत्तूरची. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या या किनारी गावांची शार्क पकडण्यात पिढ्यान्‌पिढ्यांची ख्याती आहे. जाळं नाही, लाँगलाइन. कित्येक किलोमीटर लांब दोरी आणि तिला ओळीनं लटकलेले गळ. एकदा निघाले की आठवडेच्या आठवडे बाहेर.

सिंधुदुर्गातल्या लोकांना या बोटी आठवत असतील. डिसेंबर 2017, ओखी वादळ. केरळच्या 66 आणि तमिळनाडूच्या 2 बोटी भरकटत आपल्या किनाऱ्याला लागल्या, 952 माणसं घेऊन. देवगड बंदरात तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती.

कोचीहून खास गल्परसाठी बोटी निघू लागल्या त्या या शतकाच्या सुरुवातीला. आता ढीग लहान झालेत.

(प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखाली काट्याचा पातळ काप.)

वय कसं मोजायचं? बहुतेक माशांच्या कानात खडा असतो, त्याची वलयं मोजतात. शार्कच्या कानात असा खडा नाही. पण पाठीवरचा तो काटा आठवा. त्याचा आडवा काप घेतला की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. आयर्लंडच्या पश्चिमेला, अटलांटिकच्या उतारावर पकडलेल्या हिच्या मोठ्या बहिणीची, सेन्ट्रोफोरस स्क्वामोससची, वलयं अशी मोजली गेली. वयं निघाली 21 ते 70 वर्षं. म्हणजे त्यांतली एखादी आपल्याकडच्या निवृत्त मास्तरांच्या वयाची होती.

(ट्रे. मादीचं पोट. पिलू.)

हे पिलू.

पोटाखाली अजून बलकाची पिशवी लटकतेय. गल्परची अंडी बाहेर पडत नाहीत, आईच्या पोटातच उबतात. एकेक अंडं प्रचंड, कोंबडीच्या अंड्यातल्या बलकाहून कितीतरी मोठं, आणि पिलू त्याच्यावरच वाढतं. या कुळातल्या ज्या जातींचा नीट अभ्यास झालाय, त्यांत हे गर्भारपण दोन वर्षांच्या आसपास चालतं. हत्तीण बावीस महिन्यांत मोकळी होते. एवढ्या काळात पिलं होतात एक, फार तर दोन. पहिलं पिलू होण्याआधी कित्येक वर्षं नुसती वाढण्यात जातात. बांगडा वर्षाभरात अंडी घालायला लागतो आणि घालतो ती हजारोंनी. बांगड्याची हंगामाची भाषा हिला लावायची, हा या धंद्याचा मूळ घोळ आहे, आणि तो गळ टाकणाऱ्या माणसानं केलेला नाही.

डोळे बघा. एवढ्याशा डोक्यावर एवढे मोठे, आणि आत्ताच हिरवे.

(आलेख. दोन स्तंभ.)

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यासमोर कपाला नावाच्या संशोधन जहाजानं 1976-77 मध्ये उतारावर जाळी ओढली आणि वीस वर्षांनी त्याच भागात पुन्हा ओढली. गल्पर 99 टक्क्यांहून अधिक घटल्या होत्या. मालदीवमध्ये तेलासाठीची मासेमारी 1980 च्या सुमारास सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत कोसळली. 2010 मध्ये त्या देशानं शार्क पकडण्यावरच बंदी घातली. युरोपीय संघानं त्याच वर्षापासून खोल समुद्रातल्या शार्कचा कोटा शून्य केला.

(शेत. राजगिऱ्याचे लाल तुरे.)

आता हे जरा वेगळं दृश्य. हा राजगिरा. उपवासाचा लाडू, चिक्की, दुधातल्या लाह्या. त्याच्या दाण्यातून निघणाऱ्या तेलात 6 ते 8 टक्के स्क्वालीन असतं. ऑलिव्हचं तेल शुद्ध करताना जो गाळ उरतो त्यातूनही ते निघतं. आणि ब्राझीलमध्ये उसाच्या साखरेवर खास यीस्ट पोसून, त्यापासून स्क्वालेन बनवतात, अगदी पिंपांनी. ऊस आणि यीस्ट, दोन्ही आपल्याला नवे नाहीत. साखर कारखान्यांच्या आवारात आपण त्यातून काय काय काढतो, ते सांगायला नको.

रेणू तोच आहे. सी-तीस, एच-बासष्ट. शार्कमधून आलेला आणि उसातून आलेला, त्वचेला फरक कळत नाही. फरक कळतो तो प्रयोगशाळेत, कार्बनच्या समस्थानिकांवरून. बाटलीवर ‘वनस्पतीजन्य’ लिहिलेलं असेल तर ठीक. नुसतं ‘स्क्वालेन’ लिहिलेलं असेल, तर कंपनीला ईमेल टाकून विचारता येतं. आम्ही विचारलं. चौघांपैकी एकाचं उत्तर आलं.

(पुन्हा बंदर. ऊन चढलंय. लिलाव संपलाय.)

ढीग विकला गेला. यकृतं एका टेम्पोत, मांस दुसऱ्या. मांस सुकवलं जाईल, त्याला भाव कमी. पाइपाच्या पाण्यानं फरशी धुतली जातेय.

मोजमापं घेणारा एक मुलगा टेप आणि वही घेऊन अजून बसलाय. पिलाची लांबी लिहून झाली. आता वजन.

(पाण्याखालचं चित्रीकरण. मोरी दिव्याच्या कक्षेत येते, डोळा चमकतो, उताराच्या दिशेनं निघून जाते. दिवा गाळावर तसाच. निवेदन नाही, चाळीस सेकंद. श्रेयनामावली.)