लाकडातल्या पाण्याचा हिशेब

मित्रहो, लाकडाच्या निर्यातीवर बोलायचं म्हटलं की कोणत्या देशात मागणी आहे आणि भाव काय मिळतो, इथून सुरुवात होईल अशी अपेक्षा असते. मी पाण्यापासून सुरुवात करणार आहे. परदेशी पोहोचलेला माल नाकारला जातो, भाव पाडून मागितला जातो, खरेदीदार पुन्हा फिरकत नाही, यामागे फार वेळा लाकडात राहिलेलं पाणी असतं.

लाकडाचा ओलावा मोजताना त्यातल्या पाण्याचं वजन पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडून बघतात. त्यामुळे ताज्या ओंडक्याचा ओलावा 60 टक्के, काही जातींत 100 टक्क्यांच्याही वर भरतो. म्हणजे लाकडापेक्षा पाणीच जड! यातलं बरंच पाणी पेशींच्या पोकळ्यांत मोकळं असतं. ते गेलं की वजन घटतं, आकार तोच राहतो. ओलावा 28 ते 30 टक्क्यांवर उतरला की फक्त पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी उरतं, आणि खरा खेळ तिथून सुरू होतो. त्याखाली प्रत्येक टक्क्याला लाकूड आकसतं, आणि तेही सगळ्या अंगांनी सारखं नाही. गाभ्याकडून सालीकडे जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट वलयांच्या दिशेनं. लांबीत जवळजवळ नाहीच. फळीला बाक येतो, पीळ पडतो, तो बहुतेक वेळा यामुळेच.

आता हे समुद्रापार नेऊन बघा. हवेत 65 टक्के आर्द्रता आणि 20 अंश तापमान असेल, तर लाकूड 12 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. थंड देशातल्या घरात हिवाळाभर हीटर चालतो, तिथं आर्द्रता 30 टक्क्यांवर आली की तेच लाकूड 6 टक्क्यांकडे सरकतं. 300 मिलिमीटर रुंदीची साधी चिरलेली फळी या प्रवासात सुमारे 5 मिलिमीटर आकसू शकते. टेबलाचा जोड उघडायला एवढं पुरे. कारागिराचं काम उत्तम होतं, पॉलिश उत्तम होतं, पण लाकूड कुठे राहणार आहे हे वाळवताना कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून खरेदीदाराला पहिला प्रश्न हा विचारा: माल बांधकामात जाणार की तापवलेल्या घरात? घराच्या सांगाड्याला 19 टक्क्यांच्या आतलं लाकूड अनेक ठिकाणी चालतं. फर्निचरला 8 ते 10 टक्के लागतात.

वाळवण्याचा खर्च जड वाटतो, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगतो. कोरडं असताना घनमीटरला 400 किलो भरणारं लाकूड 60 टक्के ओलाव्यावर 640 किलोचं होतं. कंटेनरमध्ये 26 टन भरायचे असतील, तर असं ओलं लाकूड जेमतेम 40 घनमीटर जाईल. 12 टक्क्यांपर्यंत वाळवलं, तर तेवढ्याच वजनात सुमारे 58 घनमीटर. ओला माल पाठवणारा पाण्याचं भाडं भरतो.

वाटेतही पाणी पाठ सोडत नाही. दिवसा कंटेनर तापतो, लाकडातली वाफ हवेत जाते. रात्री पत्रा गार पडतो आणि तीच वाफ छतावर थेंब होऊन मालावर गळते. बुरशी आणि निळे डाग इथेच धरतात. कोरडा माल, कोरडा कंटेनर आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या, हा उपाय साधा आहे. मात्र गठ्ठा प्लास्टिकमध्ये सगळीकडून आवळून बांधू नका. खालची बाजू मोकळी ठेवा, नाहीतर शिरलेलं पाणी आतच कोंडतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पॅलेट आणि खोक्यांसाठी 2002 पासून आयएसपीएम 15 हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. सालं काढलेलं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवायचं, मग त्यावर एचटीचा (हीट ट्रीटमेंट, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया) शिक्का मारायचा. हा नियम किडींसाठी आहे. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आशियाई लांब मिशांचा भुंगा सापडला. तो खोक्यांच्या लाकडातून आला असं मानलं जातं आणि त्याच्यापायी हजारो झाडं तोडावी लागली. पण शिक्का बसला म्हणजे लाकूड वाळलं, असं नाही. अर्ध्या तासाच्या उष्णतेनं कीड मरते, ओल तशीच राहते. शिवाय तो शिक्का पॅकिंगपुरता. आतल्या चिरीव लाकडाला घेणाऱ्या देशाचा जो नियम असेल, तो वेगळा पाळावा लागतो आणि वनस्पती-आरोग्याचा दाखला मागितला तर तोही वेगळा घ्यावा लागतो. प्लायवूड या नियमातून सुटतं, कारण ते डिंक, उष्णता आणि दाब यांतून गेलेलं असतं.

मापाबद्दल थोडं. उत्तर अमेरिकेत ज्याला दोन बाय चार (इंच) म्हणतात, त्या फळीचं प्रत्यक्ष माप 38 बाय 89 मिलिमीटर असतं. नावाच्या मापानं हिशेब धरला, तर हातात येणारं लाकूड जवळपास दोन तृतीयांशच असतं. ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं, ही जुनी रीत गोल लाकडाचं खरं आकारमान साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच दाखवते. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. भांडण होतं ते विकणारा एक माप धरतो आणि घेणारा दुसरं, तेव्हा. भाव ठरवण्याआधी माप ठरवा.

आणि लाकूड कुठून आलं, हा प्रश्न आता दरवाजातच विचारला जातो. बेकायदा मिळवलेल्या वन्यजीवांच्या व्यापाराला रोखणारा अमेरिकेचा लेसी कायदा 1900 चा, पण 2008 मध्ये तो लाकडापर्यंत आला. आयात करणाऱ्याला झाडाचं शास्त्रीय नाव आणि तोडणीचा देश जाहीर करावा लागतो. युरोपीय संघाच्या 2023 च्या कायद्यानं तर जमिनीच्या तुकड्याचे अक्षांश-रेखांश मागितले आहेत आणि 31 डिसेंबर 2020 नंतर जंगलतोड झालेल्या जमिनीवरचं लाकूड नाकारलं आहे. अनेकांना हा जाच वाटतो. मला तो न्याय्य वाटतो. ज्यानं रीतसर परवान्यानं झाड तोडलं, त्याला चोरट्या लाकडाच्या भावाशी स्पर्धा करावी लागत होती. मात्र या कागदपत्रांची तयारी ओंडका गिरणीत शिरतो तेव्हापासून हवी. वेगवेगळ्या जागचे ओंडके एकदा एकत्र चिरले, की कोणती फळी कुठली हे नंतर कुणालाही सांगता येत नाही.

करारात शेवटी काय लिहायचं? ओलावा कोणत्या प्रकारच्या मीटरनं, किती खोलीवर, किती फळ्यांत मोजायचा. किती टक्के फळ्या मर्यादेबाहेर गेलेल्या चालतील. माल पोहोचल्यावर तक्रार किती दिवसांत करायची. आणि वाद झाला तर तपासणीला तटस्थ सर्वेक्षक कोण बोलावणार, त्याचं शुल्क कोण देणार. कंटेनर बंद करण्यापूर्वी मीटरच्या आकड्यासह गठ्ठ्यांचे फोटो काढा आणि दोघांनी मान्य केलेल्या नमुन्याची एक फळी आपल्याकडे, एक खरेदीदाराकडे राहू द्या.